कुंभारणीचं घर आणि पसायदानातली एक ओळ

शेवंती
१८ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गणपती आठ-नऊ दिवसांवर आले म्हणून परवा देवघराची झाडझूड काढली. समईच्या मागे भिंतीला कुंभारणीने, म्हणजे मातीची घरं बांधणाऱ्या माशीने, घर केलं होतं. सुपारीएवढी चार मडकी, एकमेकांना चिकटलेली. पातळ सुरीने सोडवायला गेले तर तीन फुटली आणि आतून हिरव्या अळ्या पडल्या. एकेका मडक्यात सहा-सात. मेलेल्याच वाटल्या. केरसुणीची काडी हलकेच लावली तर एकीचं टोक वळलं. दुसरीला लावली, तीही हलली. सगळ्या जिवंत होत्या, फक्त चालता येत नव्हतं.

तिसऱ्या मडक्यात पिवळसर, लठ्ठ, डोळे-पाय काही नसलेलं एक पिल्लू होतं. ते एका अळीला तोंड लावून बसलं होतं. अळीचा पुढचा भाग चिपाडासारखा झाला होता आणि मागचा भाग अजून हलत होता.

मी त्या अळ्या बशीत ठेवल्या, जास्वंदीची कोवळी पानं दिली. एकीनेही तोंड लावलं नाही. आज तिसरा दिवस, अजून काडी लावली की हलतात. न फुटलेलं चौथं मडकं बरणीत घालून वर फडकं बांधलं आहे. त्याचं काय करावं, तेही कळत नाही.

मी रोज दिवेलागणीला हरिपाठ आणि पसायदान म्हणते. लग्न होऊन आले त्या वर्षापासून. परवा 'भूतां परस्परें पडो' इथे आले आणि पुढचं 'मैत्र जीवाचें' तोंडातून निघेना. समोर बशी होती. दोन दिवस ती ओळ गाळून पसायदान म्हणते आहे.

वाघ हरणाला मारतो ते मला ठाऊक आहे, भूक आहे, कळतं. पण हे आधी लुळं करून, जिवंत ठेवून, थोडं थोडं खाणं? ही योजना कुणाची? देव आहे की नाही हा वाद मला नको आहे. ज्यांची श्रद्धा आहे आणि ज्यांनी निसर्ग जवळून पाहिला आहे, त्यांनी हे मनात कसं बसवलं, एवढंच विचारायचं आहे.

रानवाटा
१८ ऑगस्ट, रात्री १०:२५

शेवंतीताई, तुम्ही फार बारकाईने पाहिलं आहे. अळ्या होत्या म्हणजे ही मडकं करणारी कुंभारीण. लांबट मातीच्या नळ्या करणारी दुसरी जात असते, तिच्या घरात कोळी सापडतात.

मादी मडकं झालं की आधी अंडं घालते. ते आत छताला एका बारीक धाग्याने लोंबत असतं. मग अळ्या धरून आणते, डंख मारून लुळ्या करते आणि एकेक आत ढकलते. मेलेली अळी पावसाळी हवेत दोन दिवसांत सडली असती आणि पिल्लू उपाशी मेलं असतं. स्वतः मोठी कुंभारीण फुलांतला मध पिते. हे सगळं पिल्लासाठी, आणि ते पिल्लू तिला पुढे कधी दिसतही नाही.

अळीला वेदना होते का, म्हणजे आपल्याला होते तशी, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. डंखाला शरीर प्रतिसाद देतं हे नक्की.

चौथं मडकं फोडू नका. फडकं सैल ठेवा.

माहेरवाशीण
१८ ऑगस्ट, रात्री ११:०२

आमची आजी म्हणायची, कुंभारणीने घरात घर केलं की त्या घरात पाळणा हलणार. आमच्याकडे एका वर्षी तिने दोन घरं केली आणि मला जुळी झाली! आजी ती माती उगाळून सुजेवरही लावायची. आत काय असतं ते मात्र तिने कधी सांगितलं नाही.

निरंजन_न
१९ ऑगस्ट, सकाळी ७:५०

वाद नको म्हणालात, तरी लिहितो, कारण ही अडचण तुमच्या एकटीची नाही. २२ मे १८६० रोजी डार्विनने आसा ग्रे या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होता. डार्विनने त्याला लिहिलं की दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने अळ्यांच्या जिवंत शरीरात पोसल्या जाणाऱ्या माश्या मुद्दाम निर्माण केल्या असतील, हे मला स्वतःला पटवता येत नाही. मांजर उंदराशी खेळतं, तेही त्याने त्याच वाक्यात लिहिलं. त्या माश्या तुमच्या कुंभारणीच्याच चुलत बहिणी म्हणा.

माझं उत्तर सरळ आहे. योजना कुणाचीच नाही. ज्या मादीची पिल्लं जगली तिची रीत टिकली. योजना करणारा काढून टाकला की क्रूरपणाचा प्रश्नही उरत नाही, उरतं ते फक्त घडणं.

शेवंती
१९ ऑगस्ट, दुपारी २:१५

रानवाटा, धन्यवाद. 'पिल्लू तिला दिसतही नाही' हे वाचून मी बराच वेळ बसून राहिले. सकाळपासून मनात तिच्यावर राग होता, तो राहिला नाही.

निरंजन, तुमचं म्हणणं समजलं. पण देव काढला तर माझा प्रश्न सुटेल, वाईट वाटणं सुटेल का? आणि डार्विनने पत्रात एवढंच लिहिलं होतं का?

निरंजन_न
१९ ऑगस्ट, दुपारी ३:३०

नाही, आणखी आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याच पत्रात तो म्हणतो की हे अद्भुत विश्व, विशेषतः माणसाचा स्वभाव, निव्वळ आंधळ्या शक्तीचं फळ आहे असं मानूनही माझं समाधान होत नाही. कदाचित नियम कुणी आखलेले असतील आणि तपशील, बरे-वाईट, योगायोगावर सोडलेले असतील. आणि हा विषय माणसाच्या बुद्धीला पेलणारा नाही, कुत्र्याने न्यूटनच्या मनाबद्दल तर्क करावा तसं हे आहे. त्याआधी नऊ वर्षं, १८५१ मध्ये, त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी गेली होती.

वाईट वाटणं सुटत नाही. माझंही सुटलेलं नाही.

अक्षरवेल
१९ ऑगस्ट, रात्री ८:१०

हा प्रश्न आपल्याकडेही अगदी नाव घेऊन विचारला गेला आहे. ब्रह्मसूत्रांत, दुसऱ्या अध्यायात, सूत्रच आहे: 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्'. वैषम्य म्हणजे पक्षपात, नैर्घृण्य म्हणजे निर्दयपणा. देव पक्षपाती आणि निर्दय ठरतो हा आक्षेप आधी मांडून मग उत्तर दिलं आहे. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो, पण भाताचं भात उगवतं आणि जवाचे जव, कारण बी वेगळं. तसं ज्याचं त्याचं कर्म. मग पहिलं कर्म कुठून आलं, असा आक्षेप येतो, त्यावर पुढचं सूत्र सांगतं की संसार अनादी आहे.

मला हे उत्तर पटतं. अळीचंही काही प्रारब्ध असेल.

तेरणा_काठ
१९ ऑगस्ट, रात्री ९:४५

अक्षरवेल, तुमचा अभ्यास मोठा आहे, पण मी हे ऐकून घेऊ शकत नाही.

मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ ला मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आमच्याकडची घरं दगड-मातीची, भिंती दोन-दोन हात जाड, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात त्याच भिंती गार ठेवायच्या. त्या रात्री त्याच अंगावर आल्या. माझ्या चुलत्याची मुलगी चार महिन्यांची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी काढली. अंगावर कुठे खरचटलेलं नव्हतं, फक्त नाका-तोंडात माती होती.

मयतीला आलेल्या एका माणसाने चुलतीला सांगितलं, मागच्या जन्मीचं काहीतरी असेल. चुलती तेव्हा काही बोलली नाही. ती आज सत्तरीत आहे. अजून वारीला जाते, पण त्या माणसाच्या घरचं पाणी पीत नाही.

देव निर्दय नाही हे दाखवायला चार महिन्यांच्या लेकराला गुन्हेगार करू नका, एवढीच विनंती.

अक्षरवेल
१९ ऑगस्ट, रात्री १०:२०

दादा, हात जोडतो. सूत्र पाठ होतं, तुमच्या चुलतीसमोर ते म्हणायची वेळ कधी आली नव्हती. कर्माचा विचार माणसाने स्वतःपुरता करावा, दुसऱ्याच्या दुःखावर ठेवू नये, एवढं तरी मला आज नीट कळलं. सिद्धांत मी सोडलेला नाही. पण तो तुम्हाला उत्तर म्हणून देणार नाही.

शिवार_सांगली
२० ऑगस्ट, सकाळी ६:३०

ताई, तुम्ही ज्या माशीला बघून दचकला, तसल्याच माश्या आम्ही मुद्दाम विकत आणून रानात सोडतो बघा. उसाच्या खोडकिडीला ट्रायकोकार्ड लावतात. पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर चिकटवलेली हजारो बारीक अंडी, काळी पडलेली. काळी म्हणजे आत ट्रायकोग्रामा नावाच्या माशीचं पिल्लू आहे. संध्याकाळी कार्डाच्या पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या. ही माशी इतकी बारीक की डोळ्याला जेमतेम ठिपका दिसतो. ती किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, कीड जन्मायच्या आधीच संपते.

२००२ साली आमच्याकडे उसावर लोकरी मावा आला. पानं खालून पांढरी, वरून काळी. ऊस डोक्याच्या वर गेलेला, आत शिरून फवारणार कसं? तेव्हा डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडी कामाला आल्या. डिफाची अळी असलेली पानं कापून एका रानातून दुसऱ्या रानात नेली. डिफाची अळी मावा खाते, जिवंतच खाते. त्या वर्षी ती आम्हाला देवासारखी वाटली.

तुमच्या बशीतल्या हिरव्या अळ्या माझ्या रानात असत्या तर मी कुंभारणीला नमस्कार केला असता. माझ्या जागेवरून असं दिसतं, तुमच्या जागेवरून तसं. खरं कुठलं, हे मला नाही सांगता येत.

रानवाटा
२० ऑगस्ट, सकाळी ९:०५

शिवारदादा, फार मोलाचं लिहिलंत. ह्या माश्या नसत्या तर अळ्यांनी पाला ठेवला नसता आणि मग अळ्याही उपाशी मेल्या असत्या.

अवांतर: कोकणात वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहिलीत का कुणी? हजारातलं एखादंच मोठं होतं असं म्हणतात. खेकडे, घारी, कुत्री, मग मासे. वाळूवर ती पिल्लं ज्या घाईने पाण्याकडे पळतात ते पाहून पोटात तुटतं.

माहेरवाशीण
२० ऑगस्ट, सकाळी ११:४०

पाहिली आहेत. २००२ पासून तिथे गावकऱ्यांनी सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेबरोबर घरटी राखायला सुरुवात केली. टोपली उपडी केली की सगळी एकदम निघतात. आम्ही गेलो तेव्हा माझी जुळी पाच वर्षांची होती, दोघांनी एकेक पिल्लू 'आपलं' म्हणून ठरवलं होतं. लाट आली आणि कोणतं कुणाचं ते कळेना. दोघंही परत येईपर्यंत एक शब्द बोलली नाहीत.

नारदीय
२० ऑगस्ट, रात्री ९:३०

शेवंतीताई, मी कीर्तन करतो. तुमचा धागा दोन दिवस वाचतो आहे आणि मला झोप नाही, कारण तुमची कुंभारीण माझ्या रोजच्या दृष्टांतातली आहे.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, अजगर, कोळी, आणि शेवटचा पेशस्कृत, म्हणजे हीच मातीचं घर करणारी माशी. तिने किड्याला भिंतीवरच्या घरात कोंडलं, किडा तिचंच चिंतन करत राहिला आणि तिच्यासारखाच झाला. एकनाथ महाराजांची टीका याच स्कंधावर आहे. अळीची भृंगी, म्हणजे हीच माशी, होते तसा जीवाचा शिव होतो, हे मी शेकडो वेळा सांगितलं असेल, आणि सांगताना माझेच डोळे भरून यायचे.

आज कळलं की अळीची भृंगी होत नाही, अळी खाल्ली जाते. जुन्या लोकांनी अळी आत जाताना पाहिली, माशी बाहेर येताना पाहिली, मधलं पाहिलं नाही. तुम्ही मधलं पाहिलंत.

काल मूळ श्लोक पुन्हा काढून वाचले. तिथे स्पष्ट म्हटलं आहे की मन स्नेहाने, द्वेषाने किंवा भयानेही जिथे पूर्ण लागेल, त्याचं रूप घेतं. भयाने! म्हणजे त्या अळीची भीती सांगणाऱ्याला ठाऊक होती. मी कीर्तनात तो शब्द नेहमी घाईने उरकत होतो. भक्तीचा दृष्टांत म्हणून गोड करून सांगत होतो. या चातुर्मासात तो दृष्टांत आला तर भीतीपाशी थांबेन. पुढे काय बोलेन ते अजून सुचलेलं नाही.

रानवाटा
२० ऑगस्ट, रात्री १०:००

बुवा, एका अर्थाने तुमचा दृष्टांत खोटाही नाही. त्या अळीच्याच शरीराचे पुढे कुंभारणीचे पंख होतात.

शेवंती
२० ऑगस्ट, रात्री १०:४५

होतात. पण अळीला ते कुणी विचारलं नव्हतं.

बुवा, तुम्ही एवढं मोकळेपणाने लिहिलंत, मला भरून आलं. बशीतल्या अळ्या आज काळ्या पडायला लागल्या. दोन अजून हलतात.

आप्पा_बार्शी
२१ ऑगस्ट, पहाटे ५:५०

मी पंच्याहत्तरीचा माणूस, टायपायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. तरुण मंडळींनी नारू पाहिला नसेल. आमच्या गावात पायऱ्यांची विहीर होती, त्यात उतरून पाणी भरायचं. पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसणारे सायक्लॉप्स नावाचे जीव, त्यांच्या पोटात नारूचं पिल्लू. पाणी प्यायलं की वर्षभराने पायाला फोड यायचा, आग आग व्हायची, आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकं काढायचा. हात-दीड हात लांब. तो ओढायचा नाही, तुटला तर पाय सडतो. काडीला गुंडाळून रोज बोट-दोन बोटं बाहेर काढायचा. माझ्या वडलांच्या घोट्यातून निघाला तेव्हा ऐन पेरणी होती. ते बांधावर पाय पसरून बसले होते आणि आई औत धरत होती. आग शमावी म्हणून माणूस पाय पाण्यात घालतो, आणि नारू त्याच क्षणी आपली पिल्लं पाण्यात सोडतो. म्हणजे आपल्या दुखण्याचाच त्याला उपयोग. ह्याहून निर्दय रचना मी पाहिली नाही.

मग फडक्याने पाणी गाळा म्हणून सांगणारे आले, विहिरीत औषध टाकणारे आले, हापसे झाले, पायऱ्या बंद झाल्या. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. धोतराच्या चौपदरी फडक्याने हरला तो.

मी माळकरी आहे. नारू देवाने केला असं मला म्हणवत नाही. नारू गेला ते देवाने केलं, असं म्हणावंसं वाटतं. हे तर्काला धरून नाही, मला समजतं. पण वडील बांधावर बसलेले आठवले की असंच वाटतं.

निरंजन_न
२१ ऑगस्ट, सकाळी ८:१५

आप्पा, एरवी मी लिहिलं असतं की बरं ते देवाचं आणि वाईट ते कुणाचंच नाही, हा हिशोब एकतर्फी आहे. अजूनही तसंच वाटतं. पण तुमच्या वडलांच्या पायाची गोष्ट वाचल्यावर एवढंच म्हणतो की पाणी गाळणाऱ्यांच्या बाजूला आपण दोघंही आहोत.

अनेकान्त
२१ ऑगस्ट, दुपारी १:००

आमच्या जैन घरात पाणी गाळायचं फडकं कायमच असे, पण ते पाण्यातल्या जीवांना वाचवण्यासाठी! गाळलेले जीव परत त्याच पाण्यात सोडायचे. आप्पांचं वाचून आजीचं ते फडकं डोळ्यांसमोर आलं.

जैन दर्शनात जग निर्माण करणारा देवच नाही. जग अनादी आहे, कुणी केलेलं नाही. त्यामुळे लहानपणी मला ताईंचा प्रश्न कधी पडला नाही. दुःख आहेच, आपण त्यात भर घालू नये, एवढंच शिकवलं. पण तत्त्वार्थसूत्रात एक वचन आहे, 'परस्परोपग्रहो जीवानाम्', जीव एकमेकांच्या उपकारासाठी आहेत. ते आमच्या चिन्हाखाली लिहिलेलं असतं. ताईंची बशी वाचून मलाही तिथे अडखळायला झालं.

ओवी_वाचक
२१ ऑगस्ट, रात्री ९:२०

मूळ प्रश्नाकडे येते. ताई, तुम्ही 'मैत्र जीवाचें'पाशी अडलात. मी बरीच वर्षं त्याच्या पुढच्या ओवीपाशी अडले आहे. 'जो जें वांछील तो तें लाहो, प्राणिजात'. माणूस म्हटलेलं नाही, प्राणिजात म्हटलं आहे. कुंभारणीला अळी हवी. अळीला जगायचं आहे. दोघींना हवं ते मिळणार कसं?

पण दोन्ही ओळींचं क्रियापद पाहा. 'पडो', 'लाहो'. मैत्र आहे असं माउली कुठेच म्हणत नाहीत. पडो म्हणतात. जे आहे ते मागायला कशाला लागतं? बाराशे बारा शकात नेवाशाला बसून सृष्टी पाहिलेल्या माणसाला मैत्र दिसलं असतं तर ते मागितलं नसतं, वर्णन केलं असतं. तुमच्या बशीने ओळ खोटी ठरवली नाही. ओळ तुमच्या बशीसाठीच आहे असं मला वाटतं.

तेरणा_काठ
२१ ऑगस्ट, रात्री ९:५५

पण ताई, मागितलं कुणाकडे? विश्वात्मक देवाकडेच ना? ज्याने हे असं केलं त्याच्याकडेच?

ओवी_वाचक
२१ ऑगस्ट, रात्री १०:३०

हो, त्याच्याकडेच. तिथे माझ्याकडे उत्तर नाही, दादा. आईने मारलं की लेकरू आईलाच बिलगून रडतं, तसलं काहीतरी आहे.

तेरणा_काठ
२१ ऑगस्ट, रात्री १०:४१

चुलती असंच म्हणते. मी तिला विचारलं होतं एकदा, वारीला का जातेस म्हणून. म्हणाली, जाब विचारायला तरी कुणी पाहिजे की नको?

नारदीय
२१ ऑगस्ट, रात्री १०:५८

दादा, तुमच्या चुलतीला माझा साष्टांग दंडवत सांगा. गीतेत अर्जुनही विश्वरूपाच्या दाढांत माणसं चिरडताना पाहतो आणि नमस्कारही करतो आणि 'हे उग्र रूप घेतलेला तू कोण' असंही विचारतो. मग म्हणतो, पहिल्यासारखा दिस. आपण देवघरात ते पहिल्यासारखंच रूप ठेवतो.

शेवंती
१० सप्टेंबर, रात्री ८:५०

मंडळी, गणपतीत लिहायला झालं नाही. बशीतल्या अळ्या पाचव्या-सहाव्या दिवशी गेल्या. तुळशीच्या वृंदावनात मातीखाली ठेवल्या.

चौथं मडकं समईच्या मागेच बरणीत ठेवलं होतं. आज दुपारी कुरकुर ऐकू आली. मडक्याच्या कडेला ओलसर डाग पडला, मग टाचणीएवढं भोक, मग ते वाढत गेलं. पाऊण तास लागला. बाहेर आली ती काळी-पिवळी, कंबर दोऱ्यासारखी. पंख चुरगळलेले होते, ते पायांनी निरपून सरळ केले. मी बरणी खिडकीत नेऊन फडकं सोडलं. थोडा वेळ काठावर बसली आणि गेली. मडक्यात बघितलं तर अळ्यांची डोकी तेवढी उरली होती, मोहरीहून बारीक. मोजली. सहा.

मनात कसं बसवायचं, हे मला अजून कळलेलं नाही. निरंजन म्हणतात ते खोटं ठरवता येत नाही, अक्षरवेल म्हणतात ते घेता येत नाही. ओवीवाचकताई, तुमचं 'पडो' मात्र रोज आठवतं.

आज दिवेलागणीला पसायदान पूर्ण म्हटलं. त्या ओळीपाशी आवाज फुटेना, म्हणून थोडं थांबले, मग म्हटलं. नातसून शेजारी बसली होती. तिने विचारलं, "आजी, इथे का थांबलात?" तिला ती सहा डोकी दाखवली.

माहेरवाशीण
१० सप्टेंबर, रात्री ९:१५

शेवंतीताई, नातसून म्हणालात! पाळण्याची काही बातमी?

शेवंती
१० सप्टेंबर, रात्री ९:२२

फेब्रुवारीत. :)